भागिले आणि गुणिले : व्होल्ट-अँपिअरच्या दोन गणितांचा इतिहास

आजच्या भागाची सुरुवात एका जळक्या वासानं करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही बडोद्याला भाड्याच्या घरात राहत होतो. मी नुकताच भौतिकशास्त्र शिकवायला लागलो होतो. थंडीचे दिवस होते. आई रोज सकाळी बादलीत हीटरचा रॉड सोडून पाणी तापवायची. रॉड दीड हजार वॅटचा. न्हाणीघराच्या बाहेर जो प्लग होता तो पाच अँपिअरचा. मी मनातल्या मनात हिशेब केला होता : १५०० भागिले २३०, म्हणजे साधारण साडेसहा अँपिअर. पाचच्या जागी साडेसहा. भिंतीतली वायर चांगली जाड दिसत होती. "चालेल," असं मीच आईला सांगितलं होतं.

एका सकाळी वास आला. आईनं आधी बटण बंद केलं आणि मग मला हाक मारली. प्लगचं एक भोक काळं पडून वितळलं होतं. मागची लाकडी पट्टी कोळशासारखी झाली होती. फ्यूज मात्र शाबूत!

दांडिया बाजारातून एक वायरमन काका आले. त्यांनी बोर्ड उघडला, वायर बोटांत धरून वाकवून पाहिली आणि म्हणाले, "वायरला काही झालेलं नाही, सर. स्क्रू ढिला होता. करंट वायरला जाळत नाही, सांध्याला जाळतो."

मी त्यांना विचारलं, "मग फ्यूज का नाही उडाला?"

ते हसले. "फ्यूजला काय कळणार? त्याला जास्त करंट कळतो. इथे जास्त गेलाच कुठे?"

काका शाळा किती शिकले होते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी माझ्या हिशेबात नेमकी कुठली पायरी राहून गेली होती, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. ती पायरी शोधायला युरोपातल्या हुशार माणसांना बरीच दशकं लागली होती. आजचा भाग त्या दशकांबद्दल आहे.

दोनच आकडे, दोन वेगळे प्रश्न

आधी शाळेतली उजळणी करू. कुठल्याही विजेच्या वस्तूबद्दल आपण दोन गोष्टी मोजू शकतो. एक व्होल्टेज, म्हणजे वीज किती जोरानं ढकलली जाते ते. दुसरी करंट, पाठ्यपुस्तकात जिला विद्युतधारा म्हणतात, म्हणजे किती वीज वाहते ते.

या दोन आकड्यांचा भागाकार केला, व्होल्ट भागिले अँपिअर, की रोध मिळतो, ओहममध्ये. गुणाकार केला, व्होल्ट गुणिले अँपिअर, की शक्ती मिळते, वॅटमध्ये.

आमच्या रॉडचंच घ्या. २३० भागिले ६.५ म्हणजे सुमारे ३५ ओहम. २३० गुणिले ६.५ म्हणजे सुमारे १५०० वॅट. संपलं गणित. सातवीतल्या मुलालाही येईल.

पण हे दोन प्रश्न वेगळे आहेत. भागाकार विचारतो, ही वस्तू कशी आहे? गुणाकार विचारतो, इथे या क्षणी काय घडतंय, किती उष्णता निघतेय, किती काम होतंय? पहिलं उत्तर एका माणसानं शोधलं, दुसरं दुसऱ्यानं. आणि या दोन्हींची सांगड नीट बसेपर्यंत समुद्राच्या तळाशी लाखो रुपयांचं तांबं निकामी झालं.

स्वतःचं शरीर हेच मीटर

आपण सुरुवात इंग्लंडमध्ये करू. हेन्री कॅव्हेंडिश हा अतिशय श्रीमंत आणि त्याहूनही अबोल गृहस्थ. १७८१च्या सुमारास तो मिठाच्या पाण्यानं भरलेल्या काचेच्या नळ्यांमधून वीज सोडत होता. व्होल्टाची बॅटरी यायला अजून १९ वर्षं होती, म्हणून वीज साठवायला लेडन जार नावाच्या बरण्या. आणि करंट मोजायला? काहीच नव्हतं. मग त्यानं स्वतःच्या हातातून झटका घेतला. एका नळीतून बसणारा झटका आणि दुसऱ्या नळीतून बसणारा झटका सारखा वाटतोय का, हे तो अंदाजानं ठरवत होता.

आपण मराठीत "करंट बसला" म्हणतो ना, तसा करंट अक्षरशः बसवून घेऊन हा माणूस मोजमाप करत होता. आणि आश्चर्य म्हणजे त्याचे निष्कर्ष चांगले होते. ढकलणारा जोर वाढला की त्याच प्रमाणात वाहणारी वीज वाढते, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

पण त्यानं ते छापलंच नाही. कागद घरात पडून राहिले. जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७९ साली, जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं ते संपादित करून प्रसिद्ध केले. तोपर्यंत जगानं हा नियम दुसऱ्याच्या नावानं शिकून घेतला होता.

कुलूपवाल्याचा मुलगा

ते दुसरं नाव गेऑर्ग सिमॉन ओहम. जन्म १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेन गावी. वडील कुलपं करायचे. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतःच्या बळावर गणित-विज्ञान शिकलेले, आणि मुलांना घरीच शिकवणारे. ओहम दहा वर्षांचा असताना आई गेली. धाकटा भाऊ मार्टिन पुढे गणिती झाला. गेऑर्ग मास्तर झाला. १८१७ पासून तो कोलोन शहरातल्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. तिथे बरीच उपकरणं होती. आणि बापाच्या कारखान्यात वाढल्यामुळे धातू हाताळायची हातोटी होती.

त्याचा प्रश्न साधा होता : तार लांब केली की वीज किती कमी होते?

१८२५ साली त्यानं पहिलं उत्तर छापलं. ते चुकीचं होतं. त्यानं लॉगॅरिदमचं सूत्र दिलं होतं. चूक डोक्याची नव्हती, बॅटरीची होती. त्या काळच्या व्होल्टाच्या बॅटऱ्या तार जोडली की पटकन कमजोर व्हायच्या. म्हणजे तार बदलेपर्यंत मागचा जोरच बदललेला. ज्या फुटपट्टीनं मोजायचं तीच आक्रसत असेल तर काय मोजणार?

'आनालेन' या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्याला एक सल्ला दिला : बॅटरी सोड, उष्णतेवर चालणारा विजेचा स्रोत घे. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाला आढळलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे एकीकडे गरम, दुसरीकडे थंड ठेवले की त्यांतून वीज वाहते. ओहमनं बिस्मथच्या दांडीला तांबं जोडलं. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमानातला फरक हलत नाही, म्हणजे जोरही हलत नाही. इतका स्वस्त आणि इतका स्थिर स्रोत दुसरा नव्हता.

करंट मोजायला त्यानं एक चुंबकीय सुई टांगली. तारेतून वीज गेली की सुई वळते, हे ऑर्स्टेडनं १८२०मध्ये दाखवलं होतं. ओहम सुई मूळ जागी आणण्यासाठी वरचा धागा किती पिळावा लागतो ते वाचत असे. जेवढा पीळ, तेवढा करंट.

मग जानेवारी १८२६मध्ये त्यानं तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सगळ्या सारख्या जाडीच्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. सर्वांत आखूड तारेला वाचन आलं जवळजवळ ३२७. सर्वांत लांब तारेला साडेअठ्ठेचाळीस.

आता इथे थोडं थांबा. तार २ इंचांवरून १३० इंच झाली, म्हणजे ६५ पट. पण करंट ६५ पट कमी झाला नाही, सातपटीपेक्षा थोडा कमी झाला. घाईचा माणूस म्हणाला असता, नियमबियम काही नाही. ओहमनं विचार केला : वीज फक्त माझ्या तारेतून जात नाही. ती बिस्मथच्या दांडीतूनही जाते, जोडाच्या पट्ट्यांतूनही जाते. या उरलेल्या वाटेचाही अडथळा आहे. तो जर सव्वावीस इंच तारेइतका धरला, तर? मग आखूड तारेची पूर्ण वाट सव्वाबावीस इंच आणि लांब तारेची सव्वादीडशे. आता ७२८५ या एकाच आकड्याला त्या-त्या वाटेनं भागा. पहिल्याला ३२७, शेवटच्याला साडेअठ्ठेचाळीस. जुळलं.

पुढे त्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती सगळ्यात मोठी. त्यानं उकळत्या पाण्याऐवजी खोलीच्या तापमानाचं टोक वापरलं. विजेचा जोर जवळजवळ दहापट घटला. म्हणजे ७२८५चा आकडा पार खाली आला. पण सव्वावीसचा आकडा? तो होता तिथेच राहिला. म्हणजे जोर ही स्रोताची गोष्ट आणि अडथळा ही तारेची गोष्ट. मागून कितीही ढकला, तारेचा स्वभाव बदलत नाही. व्होल्टेजला करंटनं भागल्यावर येणाऱ्या उत्तराला स्वतंत्र अर्थ आहे, तो यामुळे.

आणि सव्वावीस हा आकडा लक्षात ठेवा. सर्किटमधला न दिसणारा रोध. आमच्या बडोद्याच्या बोर्डात तोच लपला होता.

नियमाची उपेक्षा

१८२६मध्ये ओहमनं अर्ध्या पगारावर रजा घेतली आणि बर्लिन गाठलं. १८२७मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यात प्रयोग थोडे आणि गणित फार होतं. फूर्येनं उष्णतेच्या वहनाचं जे गणित मांडलं होतं त्या धर्तीवर त्यानं विजेचं वहन मांडलं होतं. ज्यांना प्रयोग आवडायचे त्यांना ते समजलं नाही, आणि ज्यांना गणित कळायचं त्यांना विजेत रस नव्हता. पोल नावाच्या एका प्राध्यापकानं फार कठोर परीक्षण लिहिलं. ओहमला विद्यापीठात जागा हवी होती, ती मिळाली नाही. १८२८मध्ये त्यानं कोलोनची नोकरी सोडली. काही वर्षं बर्लिनमध्ये शिकवण्या करत काढली. १८३३मध्ये न्यूरेंबर्गच्या एका तंत्रशाळेत जागा मिळाली.

मान्यता आली ती परदेशातून. १८४१मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ली पदक दिलं. त्याच वर्षी पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर झालं. म्युनिच विद्यापीठात भौतिकशास्त्राचं पद मिळालं ते १८५२मध्ये. दोन वर्षांत, १८५४च्या जुलैमध्ये, तो वारला.

दारूभट्टीवाल्याचा मुलगा

ओहमनं भागाकार दिला. गुणाकार आला तो मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड गावातून. जेम्स प्रेस्कॉट जूल हा बिअर गाळणाऱ्या कुटुंबातला मुलगा, जन्म १८१८. भट्टीच्या धंद्यात तापमान नेमकं ठेवावं लागतं, म्हणून चांगले थर्मामीटर त्याच्या ओळखीचे होते. विजेवर यंत्रं चालवता येतील का, ती वाफेपेक्षा स्वस्त पडतील का, हा त्याचा मूळ प्रश्न. धंदेवाईक प्रश्न. त्यातून तो उष्णतेकडे वळला.

१८४०मध्ये, बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत, त्यानं तारेचं वेटोळं पाण्याच्या भांड्यात बुडवून वीज सोडली आणि पाणी किती तापतं ते मोजलं. आमच्या आईच्या रॉडचा हा आजोबाच म्हणा! त्याला आढळलं की करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट केला तर नऊपट. आणि करंट तोच ठेवून रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. म्हणजे दर सेकंदाला निघणारी उष्णता करंटच्या वर्गाला रोधानं गुणून मिळते.

हे त्यानं रॉयल सोसायटीकडे पाठवलं. त्यांनी छोटा सारांश छापला, पूर्ण निबंध मोठ्या नियतकालिकात घेतला नाही. तो १८४१मध्ये दुसरीकडे आला. ओहमला पदक मिळालं ते हेच वर्ष. लेंझ या शास्त्रज्ञानंही १८४२मध्ये स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला.

आता ओहम आणि जूल शेजारी बसवा. करंट गुणिले करंट गुणिले रोध. यातलं 'करंट गुणिले रोध' म्हणजे ओहमच्या नियमानं व्होल्टेज. उरलं काय? व्होल्टेज गुणिले करंट. झाला आपला गुणाकार.

समुद्राच्या तळाशी

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कळलं, मग अडलं कुठे? अडलं व्यवहारात. नियम होता, पण 'एक ओहम' म्हणजे किती हेच ठरलं नव्हतं. प्रत्येक कारखान्याची आपापली तार, आपापलं माप.

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तारायंत्राची केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पाठवायला १६ तास लागले. केबलची विजेची बाजू वाइल्डमन व्हाइटहाउस यांच्याकडे होती. मूळचे सर्जन. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, सांगत होते की जोर वाढवू नका, कमी करंट ओळखणारं नाजूक उपकरण वापरा. त्यांनी तसं आरशाचं उपकरण बनवलंही होतं. व्हाइटहाउस यांचा विश्वास मोठमोठ्या कॉइलवर. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला असं मानलं जातं. केबल आधीच सदोष होती. आवरण काही ठिकाणी पातळ, तांब्याचा दर्जा एकसारखा नाही. जिथे दोष होता तिथे वीज गळत राहिली, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला केबल गप्प झाली. आयुष्य जेमतेम तीन-चार आठवडे.

हिंदुस्थानच्या बाबतीतही हेच झालं. १८५७च्या उठावानंतर लंडनला इथल्या बातम्या लवकर हव्या होत्या. १८५९-६०मध्ये सुएझहून तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत केबल टाकली गेली. तीही तुकड्या-तुकड्यानं बंद पडली, आणि तिला सरकारी पैशाची हमी होती. तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. १८६१मध्ये तिचा अहवाल आला. सार असं, की आधी मोजायला शिका.

त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशननं रोधाचं प्रमाण माप ठरवण्यासाठी समिती नेमली. थॉमसन त्यात होते, पुढे मॅक्सवेलही आले. गंमत म्हणजे, लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन केबल-इंजिनिअरांनी एककांना शास्त्रज्ञांची नावं द्यावीत असं सुचवलं, तेव्हा त्यांच्या यादीत 'व्होल्ट' हे रोधाचं नाव होतं आणि 'ओहमा' हे विजेच्या दाबाचं! नंतर ते उलटलं. १८६५मध्ये प्रमाण रोधाच्या कॉइल लोकांना मिळू लागल्या. १८८१मध्ये पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर पक्के झाले. आणि गुणाकाराचं नाव, वॅट, ते विल्यम सीमेन्स यांनी १८८२मध्ये सुचवलं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

माप ठरल्यानं काय बदललं? १८७०मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनकडे केबल टाकली, आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. आता समजा अशी केबल मध्येच तुटली आणि तुटकं टोक पाण्याला टेकलं. किनाऱ्यावरचा माणूस काय करतो? बॅटरी लावतो, करंट वाचतो, भागाकार करतो. रोध आला १२०० ओहम. एका मैलाचा रोध ६ ओहम असं माहीत असेल तर दोष २०० मैलांवर. तुटक्या टोकाचा स्वतःचा रोध असतो, त्याचा हिशेब वेगळा करावा लागतो, पण मूळ कल्पना हीच. जहाज तिथे जातं, गळ टाकून केबल वर काढतं. खोल काळ्या पाण्याखाली काय बिघडलंय ते एका भागाकारानं किनाऱ्यावर बसून कळू लागलं.

तांब्याचा हिशेब

आता केबलमधून दिव्यांकडे येऊ, कारण तिथे गुणाकाराची पाळी आली. १८७८-७९मध्ये एडिसन घराघरांत विजेचा दिवा न्यायच्या मागे होता. त्या वेळचे बहुतेक संशोधक कमी रोधाचे, जाड कार्बनचे दिवे बनवत होते. एडिसननं आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यानं उलटी वाट धरली : दिव्याचा रोध जास्त हवा.

का? आपण सोपे आकडे घेऊ. मला १०० वॅटचा दिवा हवाय. पहिला दिवा १ ओहमचा. त्याला १० व्होल्ट द्यावे लागतील, १० अँपिअर वाहतील. दहा दाहे शंभर. दुसरा दिवा १०० ओहमचा. त्याला १०० व्होल्ट द्या, १ अँपिअर वाहील. शंभर एके शंभर. उजेड दोन्हींचा सारखा. पण रस्त्याखालच्या तारेकडे बघा. पहिल्यात तिच्यातून दहापट करंट जातोय, आणि जूल सांगतो की तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गावर ठरते. म्हणजे शंभरपट नुकसान. ते टाळायला शंभरपट जाड तांबं घाला. कोणाला परवडणार? दिव्याच्या रोधाचा आकडा हा सगळ्या धंद्याच्या नफा-तोट्याचा आकडा होता. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं, ते या हिशेबावर.

आपल्याकडे हाच हिशेब डोंगरदऱ्यांत लागू झाला. १९०२मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून वीज सुमारे दीडशे किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. १९१५मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज आली. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून ती तयार व्हायची, आणि सुमारे ७० किलोमीटरवरच्या परळला एक लाख व्होल्टनं यायची. एक लाखच का? समजा एक कोटी वॅट पाठवायचेत आणि तारांचा रोध १० ओहम आहे. (खरी गणितं एसी विजेमुळे जरा किचकट असतात, पण मर्म हेच.) एक लाख व्होल्टनं पाठवले तर करंट १०० अँपिअर. वाया गेले १०० गुणिले १०० गुणिले १०, म्हणजे एक लाख वॅट. शेकडा एक. दहा हजार व्होल्टनं पाठवले तर करंट हजार अँपिअर. वाया गेले हजार गुणिले हजार गुणिले दहा, म्हणजे एक कोटी. जेवढे पाठवले तेवढे सगळे! घाटातलं पाणी फुकट आणि गिरण्या अंधारात.

पुन्हा त्या बोर्डापाशी

आता आमच्या बडोद्याच्या प्लगकडे परत येऊ. वायरमन काका गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

रॉडचा रोध ३५ ओहमच्या थोडा वर. ढिल्या स्क्रूपाशी किती असेल? समजा फक्त ०.६ ओहम. एवढंसं. एकूण झाले सुमारे ३६. करंट ६.५ वरून ६.४वर आला. कमी झाला, बरं का! म्हणून फ्यूज गप्प. काकांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रॉडची शक्ती १५०० वरून १४५० वॅटवर आली. बादलीभर पाणी तापायला पाऊण मिनिट जास्त लागलं असेल, कोणाच्या लक्षात येणार?

पण त्या ०.६ ओहममध्ये निघालेली उष्णता किती? ६.४ गुणिले ६.४ गुणिले ०.६. सुमारे २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातात जी सोल्डरिंगची इस्त्री असते, तिच्यावर २५ वॅट लिहिलेलं असतं. शिसं-कथील वितळवणारी. म्हणजे रोज सकाळी वीस-पंचवीस मिनिटं आमच्या भिंतीतल्या लाकडात एक तापलेली सोल्डरिंगची इस्त्री खुपसून ठेवलेली होती, आणि आई शेजारी ओल्या हातांनी उभी असायची.

माझा गुणाकार चुकला नव्हता. मी पूर्ण वाट धरली नव्हती. ओहमनं १८२६मध्ये जो सव्वावीसचा आकडा शोधला, न दिसणाऱ्या अडथळ्याचा, तो मी शून्य धरला होता. वर्गात मुलांना शिकवायचो तेव्हा फळ्यावरची तार सरळ रेघ असते आणि तिचा रोध शून्य असतो. घरात तसं नसतं. त्यात पाचच्या प्लगला साडेसहा चालतील हा माझा आगाऊपणा. त्या आकड्यातला दीडचा फरक वर्गात जाऊन उष्णता जवळजवळ पावणेदोनपट करतो, हेही मला सुचलं नाही.

जाता जाता आणखी एक सापळा सांगतो, कारण तो माझे विद्यार्थी नेहमी चुकतात. जुना तारेचा १०० वॅटचा बल्ब घ्या आणि मल्टिमीटरनं त्याचा रोध मोजा. ४० ओहमच्या आसपास येईल. २३०चा वर्ग भागिले ४० केलं तर सव्वातेराशे वॅट! मग बल्बवर १०० का लिहिलंय? कारण थंड तार आणि पांढरी तापलेली तार यांचा रोध वेगळा. पेटलेल्या बल्बचा तो सुमारे ५२९ ओहम असतो. म्हणून दोन्ही आकडे एकाच वेळी, वस्तू चालू असताना वाचायचे, आणि मगच भागायचं किंवा गुणायचं. ओहमनं स्थिर तापमानासाठी बर्फ आणि उकळतं पाणी उगीच घेतलं नव्हतं.

आज तुमच्या घरात गीझर असेल, इस्त्री असेल, इंडक्शन शेगडी असेल. एक साधं काम करा. प्लग नेहमीच्या वापरानंतर काढलात, आणि तो हाताला गरम लागला, तर त्याला सवय म्हणून सोडून देऊ नका. बटण बंद करून माहीतगार माणसाला बोलवा. गरम प्लग म्हणजे तिथे एक रोध बसलाय जो कोणी मोजलेला नाही.

त्यानंतर आईनं रॉड कधी वापरला नाही. काकांनी पंधरा अँपिअरचा नवा प्लग बसवला, स्क्रू दोनदा आवळला, आणि पैसे घेताना मला म्हणाले, "सर, दर सहा महिन्यांनी पिळून बघत जा. ढिले होतात."

मी अजून बघतो.